मनगटावरचा काळा दोरा

माणसाचे शरीर आणि यंत्र ह्यांच्या जवळिकीविषयी गेली काही वर्षे युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांतून एक नवा विचार मांडला जात आहे. यंत्र हाताने चालवायचे आणि डोळ्यांनी पाहायचे, एवढ्यावर हा विचार थांबत नाही. श्वास, त्वचा, तोल, स्नायूंचा ताण ह्या साऱ्यांशी यंत्राने नाते जोडावे आणि यंत्राच्या सहवासात माणसाला स्वतःच्या शरीराची जाण अधिक यावी, असे त्याचे म्हणणे आहे. हा विषय अभियंत्यांचा, त्याच्याशी आपल्या चळवळीचा संबंध काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ज्या समाजाने शेकडो वर्षे स्पर्शाचे नियम केले आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा दिल्या, त्या समाजात माणसाच्या अंगावर कोणती वस्तू बांधायची आणि ती कोणी ठरवायची, हा प्रश्न सर्वांत आधी आपला आहे.

ह्या विचाराचा प्रमुख ग्रंथ म्हणजे स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापिका क्रिस्टिना हूक ह्यांचा ‘डिझायनिंग विथ द बॉडी’. तो २०१८ मध्ये एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केला. हूक ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह बनवलेल्या दोन वस्तूंची हकिगत त्यात येते. एक चटई आहे. तिच्यावर माणूस आडवा झाला की ती शरीराच्या एकेका भागाखाली ऊब देते आणि त्या भागाकडे त्याचे लक्ष वेधते. दुसरा आहे दिवा, तो माणसाच्या श्वासाबरोबर मंद आणि प्रखर होतो. घोड्यावर बसलेल्या माणसाची आणि घोड्याची लय कशी जुळते, ह्याचेही मनापासून केलेले वर्णन त्यात आहे. ग्रंथाचा गाभा असा की, वस्तू घडवणाऱ्याने प्रथम स्वतःचे शरीर त्या वस्तूच्या स्वाधीन करावे, स्वतः अनुभव घ्यावा आणि मगच ती दुसऱ्याला द्यावी.

ह्याच वाटेने जोसेफ ला डेल्फा ह्या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह २०२० मध्ये ‘ड्रोन-ची’ हा प्रयोग मांडला. ताई-ची ह्या चिनी व्यायामप्रकारावरून त्याचे नाव आले आहे. तळहाताएवढा एक ड्रोन माणसाच्या हातांच्या संथ हालचालीबरोबर हवेत सरकतो. माणूस घाई करीत नाही, ड्रोनही करीत नाही. आपण ज्या ड्रोनला ओळखतो तो युद्धातला, पोलिसांचा, लग्नाच्या चित्रीकरणाचा किंवा शेतावर औषध फवारणारा. तो दूर उडतो आणि वरून पाहतो. अशा यंत्राला माणसाच्या हाताशी आणून त्याच्यातली दहशत काढून टाकण्याचा हा प्रयत्न आहे. तो मला खोटा वाटत नाही. त्याची टवाळी करून मोकळे होण्याचा पांढरपेशी मार्ग मला पसंत नाही.

परंतु ह्या विचाराचे कूळ तपासले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हूक ह्यांचा तात्त्विक आधार आहे अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड शुस्टरमन. शुस्टरमन ह्यांचा आधार आहे जॉन ड्यूई. शरीर आणि मन अशी फाळणी ड्यूईंना मान्य नव्हती. एफ. एम. अलेक्झांडर नावाच्या शिक्षकाकडे त्यांनी स्वतःच्या बसण्या-उठण्याचे, मान धरण्याचे धडे घेतले आणि त्याच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. हेच ड्यूई कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू होते. बाबासाहेब तेथे १९१३ ते १९१६ ह्या काळात होते आणि १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले आहे.

म्हणजे एकाच झऱ्याचे हे दोन प्रवाह आहेत. एक उबदार चटईपर्यंत आणि हाताभोवती तरंगणाऱ्या ड्रोनपर्यंत पोचला. दुसरा २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आला होता. तेथे माणसाने ओंजळ पाण्यात घातली. ओंजळ पाण्याला लागणे ही केवढी शारीरिक आणि केवढी जवळची क्रिया! पण तिच्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि परतताना डोकी फोडून घ्यावी लागली. पहिल्या प्रवाहाचा माणूस शरीराला विसरला आहे, त्याला शरीराची आठवण करून द्यावयाची आहे. दुसऱ्या प्रवाहाच्या माणसाला शरीर विसरण्याची मुभाच कधी मिळाली नाही. त्याचे शरीर कोठे उभे राहते, कोणावर त्याची सावली पडते, ह्याची आठवण त्याला गावाने रोज करून दिली. जातीने लादलेल्या कामात माणसाचे मनही नसते आणि बुद्धीही नसते, हे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात सांगितले आहे. शरीर-मनाची फाळणी ड्यूईंनी तत्त्वज्ञानात पाहिली. बाबासाहेबांनी ती श्रमविभागणीत पाहिली. हूक ह्यांच्या ग्रंथात ही दुसरी फाळणी नाही. तेथले शरीर कोणाचे, असे विचारले तर उत्तर ‘माणसाचे’ असे येते आणि ह्या उत्तरावर विश्वास ठेवण्याइतके आपण भोळे राहिलेलो नाही.

हा ग्रंथ मी भाईंदरला बसून वाचला. ह्या गावाला शरीराचे ज्ञान नवीन नाही. येथल्या मिठागरांवर माणसे चिखल पायांनी तुडवून वाफ्याचा तळ घट्ट करीत. तळ कधी जमला हे तळपायाला कळे. उत्तनच्या कोळ्याला दोरीच्या ओढीवरून जाळ्यातल्या वजनाचा अंदाज येतो. स्वीडनमध्ये ह्याला प्रशिक्षित शरीराचे ज्ञान म्हणतील, त्यावर शोधनिबंध होईल. आपल्याकडे त्याला अडाण्याचे काम म्हणतात. पुढे मिठागरे आणि शेते हटत गेली, इमारती उठल्या, २००२ मध्ये मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली. एवढ्या माणसांचा कचरा आणि मैला रोज कोणीतरी उचलतो. मुंबईभोवतीच्या सगळ्याच शहरांत हे काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटी कामगार करतात आणि त्यांत नवबौद्ध, मातंग, मेहतर, वाल्मीकी किती आहेत हे पाहावयास जनगणना लागत नाही. पहाटे हजेरीच्या जागी उभे राहिले तरी पुरे.

ह्या कामगाराच्या शरीराशी जवळीक करणारे यंत्र आपल्या देशात कोणते आले? नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. नवी मुंबईनेही हाच मार्ग धरला. चंडीगडमध्ये ह्या व्यवस्थेचे नाव ‘ह्यूमन एफिशियन्सी ट्रॅकिंग सिस्टिम’ असे होते, म्हणजे माणसाच्या कार्यक्षमतेवर पाळत. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, हे ते घड्याळ कचेरीतल्या पडद्यावर दाखवते. हद्द सोडली तर मजुरीवर गदा. चंडीगडच्या कामगारांनी २०२० मध्ये ह्याविरुद्ध आंदोलन केले. बायकांचे म्हणणे साधे होते. हे घड्याळ हातात घेऊन लघवीला जायचे कसे?

घालणाऱ्याच्या त्वचेला चिकटलेले, दिवसभर सोबत असलेले, त्याच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवणारे हे यंत्र. जवळीक म्हणावी तर ह्याहून अधिक जवळीक कोणती? परंतु ह्या जवळिकीला आपल्याकडे इतिहास आहे. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बाळगावे लागे आणि पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, हे आपण सभांतून नेहमी सांगतो. बाबासाहेबांनी तेथेच तिसऱ्या एका वस्तूची नोंद केली आहे, तिचा उल्लेख आपण क्वचित करतो. ती वस्तू म्हणजे मनगटावर किंवा गळ्यात बांधावयाचा काळा दोरा. स्पृश्याला चुकूनही विटाळ होऊ नये म्हणून ओळखीची ती खूण होती. मडके, झाडू आणि दोरा ही अंगावर वागवावयाची साधनेच होती. कोणीतरी ती योजली होती. ती योजणाऱ्याने एक दिवसही स्वतःच्या अंगावर वागवली नाहीत.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मी ‘ड्रोन-ची’ची माहिती सांगत होतो. आई रस्ते झाडते अशी एक विद्यार्थिनी त्या वर्गात येते. तिने विचारले, “सर, तो ड्रोन बंद करायचं बटण कोणाच्या हातात असतं?” माझ्या मते ह्या साऱ्या विचाराची कसोटी ह्या एका प्रश्नात आहे. प्रयोगशाळेतला माणूस ड्रोन थांबवून घरी जातो. चटईवरचा माणूस उठून बसतो. काळा दोरा आणि जीपीएस घड्याळ काढून ठेवता येत नाही. जी वस्तू अंगावरून उतरवण्याचा हक्क घालणाऱ्याला नाही, तिला जवळीक म्हणता येत नाही. ती बेडी असते, मग ती कितीही मऊ पट्ट्याची असो.

येथे हूक ह्यांचाच नियम मी त्यांच्या ग्रंथाच्या बाहेर नेऊ इच्छितो. घडवणाऱ्याने प्रथम स्वतःच्या शरीरावर अनुभव घ्यावा, असे त्या म्हणतात. ठीक आहे. मग ज्या अधिकाऱ्याने घड्याळाची निविदा काढली त्याने महिनाभर ते बांधावे. तो कधी उठला, चहाला किती वेळ बसला, कोणाच्या केबिनमध्ये गेला, हे झाडूवाल्या बाईच्या मोबाइलवर दिसावे. हा नियम आपल्या देशात प्रामाणिकपणे लावला तर अर्धी अवजारे जन्मालाच येणार नाहीत.

मात्र एवढ्यावरून यंत्राला नकार देणे हा आत्मघात ठरेल. एप्रिल २०२४ मध्ये खाडीपलीकडच्या विरारमध्ये एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत सेप्टिक टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. २०१३ चा कायदा आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. तरीही माणसे उतरतात. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ ह्या २०१४ च्या चित्रपटात मृत सफाई कामगाराची बायको साक्ष देते. तिचा नवरा आधी मॅनहोलमध्ये खडा टाकी आणि झुरळ बाहेर येते का पाही. झुरळ आले तर आत हवा आहे. कामगाराजवळ हेच काय ते वायुमापक.

शरीरावर विसंबण्याच्या तत्त्वज्ञानाला येथे मर्यादा पडते. गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणून कामगाराला वाटते, वायू गेला. मिथेनला वास नाही, प्राणवायू कमी झाल्याचे कळत नाही. म्हणजे ज्या क्षणी शरीराने सावध करावयाचे त्याच क्षणी ते फसवते. अशा वेळी छातीवर अडकवलेले, वायू वाढताच किंचाळणारे छोटे यंत्र हे माणसाचे खरे जिवलग. अशी यंत्रे बाजारात आहेत आणि कारखान्यांत अभियंते ती वापरतात. घड्याळातही संवेदक आहे, वायुमापकातही संवेदक आहे. फरक एवढाच की घड्याळ कामगाराची बातमी मुकादमाला देते आणि वायुमापक गटाराची बातमी कामगाराला देते. कामगारासाठी पहिले विकत घेतले जाते, दुसऱ्यासाठी पैसे नसतात. ह्या निवडीतच जात आहे.

केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनवलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला मॅनहोलमध्ये उतरला. बँडिकूट म्हणजे घूस. घुशीचे काम घुशीच्या नावाच्या यंत्राने करावे आणि माणसाने वर उभे राहून ते चालवावे, ही कल्पना मला हाताभोवती तरंगणाऱ्या ड्रोनपेक्षा अधिक मानवी वाटते. जेथे सक्तीची जवळीक हाच अन्याय आहे, तेथे अंतर हीच मुक्ती असते. पण सावध राहिले पाहिजे. यंत्र चालवणारा पुन्हा त्याच वस्तीतला, त्याच कंत्राटावरचा असेल तर यंत्र बदलले, श्रमिकांची उतरंड तशीच राहिली. सुंदर सरुक्काई आणि गोपाळ गुरू ह्यांच्या २०१२ च्या ‘द क्रॅक्ड मिरर’मध्ये स्पर्शाची तात्त्विक चिकित्सा आहे. स्पर्श हा नेहमी दुहेरी असतो, स्पर्श करणारा स्वतःही स्पर्शिला जातो. नेमका हा दुसरा भाग सवर्णाला नको असतो. यंत्र हा त्याच्या हाताचा नवा मोजा ठरू नये.

दलित साहित्याकडे ह्या प्रश्नाची सामग्री भरपूर आहे. ‘बलुतं’पासून ‘आयदान’पर्यंतच्या आत्मकथनांतून शरीराचा जो अनुभव आला आहे, तो कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. अरुण ठाकूर आणि महम्मद खडस ह्यांच्या ‘नरक सफाईची गोष्ट’ने मैला वाहणाऱ्या माणसाची हकिगत मराठीत आणली. आता पुढचे काम आहे. अंगावर बांधलेल्या यंत्राचा अनुभव कोणी लिहिलेला मला अजून वाचावयास मिळालेला नाही. अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही पुस्तके वाचावीत आणि झाडूवाल्या आयांनी त्यांच्या आराखड्यावर बोलावे. संघटनांनी निविदेच्या वेळीच तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र कोणाला बातमी देते? ते काढून ठेवण्याचा हक्क कोणाला? ज्याने ते ठरवले त्याने ते घातले आहे काय? ह्या तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत कोणत्याही कामगाराने मनगट पुढे करू नये.