लांबीखालचा पत्रा

घरी नवी केलेली जुनी मोटार दाखवली की पाहुणे रंगाचं कौतुक करतात. मी आधी दाराखाली आणि चाकाच्या कमानीला चुंबक लावून बघतो. पत्रा असेल तर ते चिकटतं. गंजाचं भोक लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून वर रंग मारला असेल तर घसरून पडतं. खानदेशातल्या एरंडोलला एका परिचितांच्या अंगणातली फियाट 1100 डिलाइट या परीक्षेत उतरली, तेव्हा कुठे मी चहाचा कप हातात घेतला.

ही परीक्षा या गाडीला टळत नाही. फियाटच्या दान्ते जाकोझा या अभियंत्याने आखलेली हिची पूर्वज 1100-103 इटलीत 1953 साली आली, तेव्हापासून या घराण्याला जीपसारखी वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालच्या पट्ट्या, खांब, छत मिळूनच सांगाडा. पट्ट्या कुजल्या की गाडी कमरेत खचते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून दार हळूच ढकलून बघावं. इथलं दार न आपटता एका ‘खट्’मध्ये बसलं. कुजका पत्रा कापून नवा झाळण्याचं, कुणालाच न दिसणारं काम त्या आवाजात होतं.

दाराभोवतीची फट मात्र वर थोडी रुंद, खाली अरुंद. ती तशीच ठेवली, हे मला फार आवडलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून निघालेल्या डिलाइट काही घड्याळाच्या सफाईने जुळवलेल्या नव्हत्या. आज आरशासारखा चकाकणारा मेटॅलिक रंग देऊन तिला कारखान्यापेक्षाही गुळगुळीत करणारे भेटतात. ती गाडी मग लग्नात नवरदेवाला शोभते, स्वतःला नाही. इथे साधा फिका करडा रंग आहे आणि मागच्या छोट्या पंखांची धार लांबीत बुडालेली नाही. रंगाची वेळही नेमकी साधली. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर दमट हवेने पांढुरकी झाक चढते. खानदेशच्या मेमध्ये थिनर हवेतच उडून पृष्ठभाग खरबरीत होतो, वर धूळ वेगळीच. हिवाळ्यापर्यंत थांबण्याचा संयम या रंगात दिसतो.

आत पुढची सलग सीट, स्टेअरिंगलगतचा गिअर. बघे ‘काय भो, अ‍ॅव्हरेज किती?’ एवढंच विचारतात. 1089 सीसीच्या या इंजिनाची खरी गंमत जवळच्या पद्मालयच्या रस्त्यावर. गिअरचा दांडा खालीवर होतो तेव्हा जुन्या सांध्यांचा सैलपणा तळहाताला कळतो. एवढा खेळ राहू द्यावा. पुढच्या दाराची त्रिकोणी काच उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो. हिला एसी बसवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पुढे हेच मॉडेल पद्मिनी झालं, काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मुंबईभर फिरलं, आणि 2023च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या टॅक्सीतून निवृत्तही झालं. एरंडोलची ही गाडी अजून बाजाराला जाते.

खटकलं ते एकच. सीटचं तपकिरी रेक्झिन इतकं नेटकं शिवून घेतलंय, आणि वर प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर! धुळीसाठी, असं मालक म्हणतात. मेच्या दुपारी त्यावर बसायची पाळी त्यांच्यावरच येणार आहे.