क्युबिटचा आकडा आणि क्युबिटचा कस

आपल्या खामगावात चांदी घेणारा माणूस नुसतं वजन पाहत नाही, शुद्धता आधी विचारतो. क्वांटम संगणकाच्या बाबतीत मात्र आपण फक्त वजन विचारतो : 'किती क्युबिटचा?' माझा आक्षेप या प्रश्नावर आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये एक बातमी आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ६ क्युबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी झाली. क्युबिट संस्थेतच घडवलेले, नियंत्रणाची जुळणी डीआरडीओच्या पुण्याच्या प्रयोगशाळेची, क्लाउडची बाजू टीसीएसची. 'सहाच?' असं म्हणून कुणी नाक मुरडेल. पण क्युबिट एकमेकांशी जोडण्यासाठी त्यांनी वर्तुळाकार रेझोनेटरची स्वतःची रचना वापरली. आकड्यात ही गोष्ट दिसतच नाही.

आता दुसरी बाजू बघा. क्युबिटची अवस्था फार नाजूक. जराशा उष्णतेनं, गोंगाटानं बिघडते. म्हणून अनेक क्युबिट मिळून एक भरवशाचा क्युबिट तयार करायचा, ही आजच्या संशोधनाची मुख्य दिशा. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलनं १०५ क्युबिटची 'विलो' चिप जाहीर केली. जाळी ३×३ वरून ५×५, मग ७×७ केली, तेव्हा दर पायरीला चूक साधारण निम्म्यावर आली. हे यश खरंच मोठं. पण त्यासाठी शंभराच्या आसपास क्युबिट खर्ची पडले आणि हाती भरवशाचा क्युबिट आला एक!

आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ६,००३.६५ कोटी रुपये, आठ वर्षं, आणि उद्दिष्ट ५० ते १,००० 'भौतिक' क्युबिटचं. 'भौतिक' हा शब्द प्रामाणिक आहे. पण भाषणांत नेमका तोच गळतो. विलोच्या हिशोबानं हजार भौतिक क्युबिट म्हणजे भरवशाचे जेमतेम दहा.

शिवाय तुलना कशी करणार? अतिवाहक क्युबिट वेगवान, पण लवकर विसरतात. पकडून ठेवलेले आयन संथ, पण दीर्घकाळ लक्षात ठेवतात. दोघांना एकाच आकड्यानं मोजणं हा तर्कदोष आहे.

तेव्हा पुढची बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा : किती क्रियांमागे एक चूक होते? आणि अवस्था किती वेळ टिकते? पैसा आपला आहे. कस विचारण्याचा हक्कही आपलाच.