कोसंबींचा तराजू

पेटची तयारी करणारे मला बऱ्याचदा विचारतात, "माझं एमएस्सी झालंय, पण संशोधन इतिहासात करायचंय. जमेल का?" यावर कोणीतरी लगेच नाव घेतं: दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिताचा माणूस, प्राचीन भारताचा इतिहासकार झाला! पनवेलमध्ये बसून थिसिसशी झगडणाऱ्या माझ्यासारख्यालाही या नावाने धीर येतो. पण आपण त्यांची गोष्ट अर्धीच सांगतो.

थोडक्यात ओळख. जन्म १९०७, गोव्यात. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी. मग बनारस, अलिगढ, पुण्याचं फर्ग्युसन आणि १९४५ पासून मुंबईची टीआयएफआर. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक १९५६ चं.

सुरुवातीच्या रोमवर काम करणाऱ्याला निदान लिव्ही तरी हाताशी असतो, जरी तो कित्येक शतकांनंतर लिहीत होता. आपल्याकडे तसा इतिवृत्तकारही नाही. मग कोसंबींनी काय केलं? चांदीची आहत नाणी एकेक करून तराजूत घातली. तर्क साधा होता. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, म्हणून जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी होतं आणि वजनांमधली तफावत वाढते. हे खरं आहे का, ते बघायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली हजारो नाणीही तोलली. आधी पद्धत तपासली, मग ती प्राचीन नाण्यांवर लावली. मला त्यांच्या कामातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो.

पद्धतीत कच्चे दुवे आहेतच. जमिनीत पुरलेली चांदी गंजते, साफ करतानाही वजन घटतं. नाण्यांच्या मागच्या बाजूचे ठसे तपासणीचे आणि ठरावीक काळाने मारलेले, हेही गृहीतकच. पण गृहीतक उघड मांडलेलं असलं की दुसऱ्याला ते खोडता येतं.

आता उरलेली अर्धी गोष्ट. १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला. तो लेख छापला कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात. अंकसिद्धांताच्या जाणकारांकडून कसून तपासणी व्हावी अशी ती जागा नव्हे. सिद्धता टिकली नाही. १९६२ मध्ये टीआयएफआरमधला त्यांचा करार वाढवला गेला नाही. त्यामागे अणुऊर्जेवरचे मतभेदही होते असं मानतात, पण या दाव्याने त्यांची पत घसरली हे नक्की.

गंमत बघा. परक्या विषयात त्यांचं काम टिकलं आणि हातचा विषय असलेल्या गणितात ते घसरले. नाण्यांच्या बाबतीत त्यांना "चूक" म्हणणारा तराजू समोर होता. रीमानच्या वेळी तसं सांगू शकणाऱ्यांपासून ते लांब गेले.

म्हणून "विषय बदलू का?" हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आधी एका ओळीत हे लिहा: माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते मला कशावरून कळेल? ती ओळ सुचत नसेल, तर गाइडकडे जायची घाई करू नका. विषय इतिहासाचा असो की रसायनशास्त्राचा.