खेळामुळे पहिली पाळी लांबते का? १९८१ च्या एका पेपरची उलटतपासणी

क्रीडाविज्ञानाचं लिटरेचर वाचायला लागलात की रोझ फ्रिश हे नाव भेटतंच. हार्वर्डच्या या संशोधिकेने सहकाऱ्यांसोबत १९८१ साली 'जामा'मध्ये कॉलेजच्या ३८ खेळाडू मुलींवर (२१ जलतरणपटू, १७ धावपटू) पेपर लिहिला. निष्कर्ष असा: पाळी सुरू होण्याआधीच सराव सुरू केलेल्या मुलींना पहिली पाळी सरासरी १५.१ व्या वर्षी आली, नंतर सुरू केलेल्यांना १२.८ व्या. शिवाय, आधीच्या सरावाच्या प्रत्येक वर्षामागे पाळी पाच महिने लांबते.

आकडे ठसठशीत आहेत. पण टेबलाकडे जाण्याआधी गट कसे पाडलेत ते बघा. खरी गोम तिथेच आहे.

समजा, चार मुली आहेत. चौघींनी १३ व्या वर्षी पळायला सुरुवात केली. त्यांना पाळी आली अनुक्रमे ११, १२, १४ आणि १५ व्या वर्षी. आपण असंही धरू की सरावाचा पाळीवर काडीचाही परिणाम होत नाही. आता गट पाडा. 'पाळीनंतर सराव' गटाची सरासरी ११.५, 'पाळीआधी सराव' गटाची १४.५. तीन वर्षांचा फरक, आणि तोही काहीच घडलेलं नसताना! कारण साधं आहे: जिला पाळी उशिरा येते, तिचा सराव आपोआपच 'आधीचा' ठरतो.

'प्रत्येक वर्षामागे पाच महिने' याचंही तेच. आधीच्या सरावाची वर्षं म्हणजे पाळीचं वय वजा सरावाच्या सुरुवातीचं वय. जे मोजायचंय तेच दोन्ही अक्षांवर बसलंय, मग रेषा वर जाणारच. आपल्या उदाहरणात १४ वालीचा एक वर्ष सराव, १५ वालीचा दोन. म्हणजे 'दर वर्षी एक वर्ष उशीर'! स्टेगर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कॉम्प्युटर सिम्युलेशनने नेमका हाच दोष दाखवला. त्यात निवडीचा मुद्दाही आहेच: उशिरा वयात येणाऱ्या, सडपातळ मुली काही खेळांत जास्त टिकतात.

मग खेळाचा काहीच संबंध नाही का? तसं म्हणणं ही दुसरी घाई होईल. ॲन लाउक्स यांच्या गटाचा १९९८ चा प्रयोग शेजारी ठेवून वाचा. तिथे कोणी किती व्यायाम करायचा, किती खायचं, हे संशोधकांनी ठरवलं. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा अन्नातून भरून दिली, तर पाळीशी संबंधित एलएच हार्मोनच्या लयीवर व्यायामाचा वेगळा वाईट परिणाम दिसला नाही. ऊर्जा कमी पडली तेव्हा लय बिघडली. अर्थात, प्रयोग काही दिवसांचा होता आणि प्रौढ स्त्रियांवर. त्यातला आकडा उचलून १३ वर्षांच्या मुलीला लावू नका. पण प्रश्न कुठे वळतो ते लक्षात घ्या: 'किती पळते?' याच्याबरोबर 'त्या मानाने पोटभर खाते का?' हेही विचारावं लागतं.

हा काही नुसता पद्धतीचा काथ्याकूट नाही. 'खेळाडू मुलींना पाळी उशिराच येते, काळजी नको' असं मैदानावर सहज म्हटलं जातं. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी; खेळाडू असली तरीही. हाडं भक्कम होण्याची हीच वर्षं असतात. वजन कमी ठेवायच्या नादात जेवण तुटत असेल आणि दोष मात्र सरावावर ढकलला, तर खरं कारण झाकलं जातं. उलट घरचे घाबरून खेळच बंद करतात तेव्हाही मुलीचंच नुकसान.

रिव्ह्यू लिहिताना १९८१ चा पेपर जरूर घ्या, प्रश्न त्यानेच ऐरणीवर आणला. फक्त त्याच्या पुढच्याच वाक्यात १९९० ची टीका यायला हवी. आणि तुमच्या स्वतःच्या प्रपोजलमध्ये 'आधी' आणि 'नंतर' असे गट असतील, तर गाइडकडे जाण्यापूर्वी वरचं चार मुलींचं गणित तुमच्या व्हेरिएबलवर एकदा करून बघा.