मळवलीचा छापखाना आणि आमच्या भिंती

राजा रविवर्मा यांचा शिळाछाप कारखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे मावळात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. या छापखान्याने देव सर्वांच्या घरी नेला, असे आमचे कलासमीक्षक कौतुकाने सांगतात. मला हे विधान तपासून पाहावेसे वाटते. देव चौकटीत बसून महारवाड्यातल्या कुडावर आलाही असेल; पण 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार आमच्यासाठी बंदच होते. कागदाला विटाळ नव्हता, माणसाला होता.

शिवाय या चित्रांतली लक्ष्मी पाहा. गोरी, भरजरी नेसलेली, हाताला घट्टा नाही. उन्हात राबणारी बाई सौंदर्याच्या या हिशेबात बसतच नाही. छपाईचे कसब मात्र मी नाकारीत नाही. एकेका रंगाला वेगळा दगड, त्यावर उलटे रेखाटन, आणि रंगावर रंग नेमका बसवायचा! पण चित्राखाली नाव येते ते रविवर्म्याचे किंवा छापखान्याचे. त्याच मळवलीजवळ कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखात, दार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे.

1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या भिंतींवरून देवादिकांची चित्रे उतरली. बुद्ध आणि बाबासाहेब आले. 1972 मध्ये मळवलीचा छापखाना आगीत सापडला. आज तीच चित्रे नव्या फर्निचरशेजारी, हाताने विणलेल्या गालिच्यावर, शोभेसाठी टांगतात. देवीची सजावट झाली म्हणून कोणाच्या भावना दुखावत नाहीत. आम्ही ती उतरविली तेव्हा मात्र गावोगाव बहिष्कार पडले होते.