अश्वगंधा: ६४ माणसांच्या पेपरवर किती भार टाकायचा?

राहुरीच्या कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींवर काम चालतं, त्यामुळे आपल्या भागात अश्वगंधा, म्हणजे आस्कंद किंवा ढोरगुंज, कुणाला नवीन नाही. 'त्यावर रिसर्च झालंय' असंही लोक सर्रास सांगतात. कुठलं रिसर्च, असं विचारलं की बऱ्याचदा गाडी २०१२ च्या एका पेपरवर येते: चंद्रशेखर, कपूर आणि अनिशेट्टी, 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन'.

पेपर टाकाऊ नाही. ताण असलेली ६४ माणसं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला प्लासिबो, ६० दिवस. अर्काच्या गटात कॉर्टिसॉल २७.९ टक्क्यांनी उतरलं. जाहिरातीत हाच आकडा फिरतो. प्लासिबोच्या गटातही ते ७.९ टक्क्यांनी उतरलं होतं, हे मात्र कुणी छापत नाही. म्हणजे अर्काच्या वाट्याला २० च्या आसपास येतात. वाईट नाही, पण २८ सुद्धा नाही.

दुसरी गोची डोसची. तो अर्क विथेनोलाइड वाढवून तयार केलेला होता. साध्या मुळाच्या पावडरीत त्यांचं प्रमाण बहुधा एक टक्क्याच्याही आत असतं. मग दुधातल्या चमचाभर चूर्णाला हा पेपर कसा लावायचा?

आणि मला सगळ्यात खटकतं ते 'सुरक्षित सिद्ध झालं' हे वाक्य. अर्क घेणारे साधारण ३२ जण. त्यांच्यात गंभीर त्रास शून्य दिसला, तरी तीनाच्या नियमाने (३ भागिले ३२) खरं प्रमाण ९ टक्क्यांपर्यंत असू शकतं. हे गणित वहीत एकदा स्वतः करून बघा. यकृताला इजा झालेले आइसलँड आणि अमेरिकेतले पाच रुग्ण २०२० मध्ये नोंदले गेले. पाचही बरे झाले, पण कावीळ झाली ती झालीच. एवढी दुर्मिळ गोष्ट ३२ जणांत सापडणारच नाही.

थायरॉइडचंही तसंच. २०१८ च्या एका छोट्या चाचणीत अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढलं, आणि ते 'फायदा' म्हणून मिरवलं गेलं. थायरॉक्सिनची गोळी आधीच चालू असलेल्या बाईला तोच फायदा धडधड बनून भेटू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं. गरोदरपणात तर घ्यायचंच नाही.

डबा हातात आला की मूळ आहे की पान, तेही वाचा. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयाने उत्पादकांना २०२१ मध्येच सांगितलंय.