अचूक किंमत आणि न्याय्य किंमत

सी. जे. वॉलिस यांचा ‘परफेक्ट बिड’ हा २०१७ सालचा अनुबोधपट अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी-खेळाविषयी आणि त्या खेळाच्या एका निष्ठावंत चाहत्याविषयी आहे, एवढेच सांगितले तर आमच्या वाचकांपैकी निम्मे पान उलटतील. त्यांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. वरवर निव्वळ करमणुकीचा वाटणारा हा विषय पाहता पाहता अशा एका प्रश्नापाशी येऊन ठेपतो, ज्यावर ख्रिस्तसभेच्या पंडितांनी तेराव्या शतकात शाई खर्च केली होती. इतरांपेक्षा ज्याला अधिक ठाऊक आहे, त्याने त्या ज्ञानाचा लाभ कितपत घ्यावा, हा तो प्रश्न.

प्रथम खेळाची ओळख. ‘द प्राइस इज राइट’ हा कार्यक्रम १९५६ साली एनबीसी वाहिनीवर सुरू झाला. त्याचे आज परिचित असलेले रूप ४ सप्टेंबर १९७२ पासून सीबीएसवर दिसू लागले. बॉब बार्कर यांनी पस्तीस वर्षे त्याचे सूत्रसंचालन केले आणि २००७ साली निवृत्त होऊन ती जागा ड्रू कॅरी यांना दिली. प्रेक्षकांतूनच नावे पुकारून स्पर्धक निवडले जातात. चौघांपुढे एखादी वस्तू मांडतात. तिच्या दुकानातील किमतीच्या वर न जाता जो त्या किमतीच्या सर्वांत जवळ पोहोचेल, तो मंचावर जातो. मग किमतीचाच आणखी एक खेळ, त्यानंतर एक भलेमोठे चाक, आणि अखेरीस दोघे उरतात. प्रत्येकाच्या वाट्याला बक्षिसांचा एक संच येतो व त्याने त्या संचाची एकूण किंमत सांगायची असते. ज्याचा फरक कमी, तो जिंकला. आणि तो फरक २५० डॉलरांच्या आत असेल, तर प्रतिस्पर्ध्याचा संचदेखील त्यालाच मिळतो.

येथे इतिहास, भूगोल वा व्याकरण काही विचारत नाहीत. घर चालवणाऱ्या बाईला साबणाची वडी किती आणि धुलाईयंत्र किती, हे जे ज्ञान असते, तेच येथे विद्वत्ता ठरते. केळीचे लोंगर आणि भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या आमच्या वसईच्या आजीला या खेळाचे मर्म समजावून सांगावे लागले नसते. ज्या ज्ञानाला शाळेत गुण मिळत नाहीत त्याचा येथे मान राखला जातो. हा आम्हांस या कार्यक्रमाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. त्यातील आरडाओरड आणि वस्तूंची आरास मात्र आम्हांस रुचत नाही, हेही नमूद करून ठेवतो.

आता चाहत्यांकडे वळू. या कार्यक्रमाला असे चाहते लाभले आहेत की, जे भाग नुसता पाहत नाहीत, तो नोंदवून ठेवतात. अमुक तारखेच्या भागात कोणते किमतीचे खेळ झाले, कोणती वस्तू आली, तिची किंमत काय निघाली, चाकावर कोणाला किती सेंट पडले, अखेरच्या फेरीत कोणी किती सांगितले, फरक किती, जिंकले कोण. हे सारे ओळीने लिहिलेले असते आणि वर्षानुवर्षे लिहिलेले असते. या छंदाला हसणे सोपे आहे. आम्हांस ते जमत नाही, कारण नोंदवहीशी आमचा स्वतःचाही संबंध आहे. धर्मग्रामाच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवहीत कोणा पूर्वसूरी धर्मगुरूने बोरूने लिहिलेली एक ओळ शंभर वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल, हे लिहिताना त्याला ठाऊक नव्हते. त्याने फक्त सुवाच्य लिहिले आणि तारीख घातली. चाहत्यांच्या नोंदींतही तोच प्रामाणिक कोरडेपणा आढळतो.

या नोंदींतून एक गोष्ट उघडकीस आली. कार्यक्रमात त्याच त्या वस्तू पुन्हा पुन्हा येत होत्या आणि किंमतही तीच असे. रोज वेगळे काही पाहत आहोत, असे सामान्य प्रेक्षकास वाटे; लिहून ठेवणाऱ्यास मात्र पुनरावृत्ती दिसे.

‘परफेक्ट बिड’चे नायक टेड स्लॉसन हे अशा लिहून ठेवणाऱ्यांपैकी एक. टेक्सासमध्ये लहानपणी हा कार्यक्रम पाहताना त्यांच्या ध्यानात ही पुनरावृत्ती आली. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले. त्यांनी किमतींच्या याद्या केल्या, त्या पाठ केल्या, आणि आपली परीक्षा आपणच घेता यावी म्हणून संगणकाची एक आज्ञावलीही लिहिली. १९८४ पासून ते चित्रीकरणास प्रेक्षक म्हणून जाऊ लागले. १९९२ साली त्यांचे नाव पुकारले गेले, आणि पहिल्याच वस्तूची किंमत त्यांनी डॉलरभरही न चुकता सांगितली. चाक मात्र पाठांतराला दाद देत नाही. अखेरच्या फेरीपर्यंत ते पोहोचले नाहीत. तरीही त्यांचे येणे थांबले नाही. प्रेक्षकांत बसून ते मंचावरच्या अनोळखी स्पर्धकांना किमती ओरडून सांगत राहिले. प्रेक्षकांनी ओरडणे या खेळात निषिद्ध नाही. उलट सारे सभागृहच ओरडत असते. चित्रपटाचा हा भाग अत्यंत रंजक उतरला आहे. जुन्या भागांतील दृश्ये, त्यात गर्दीतून उठणारा एक हात आणि स्पर्धकाचे तिकडे वळणारे डोळे, यांची गुंफण दिग्दर्शकाने कौशल्याने केली आहे. स्वतः बार्कर आणि अनेक वर्षांचे निर्माते रॉजर डॉबकोविट्झ हेही त्यात मोकळेपणाने बोलतात.

मुख्य प्रसंग २२ सप्टेंबर २००८ रोजी चित्रित झालेल्या भागाचा. लास व्हेगासचे टेरी निस, हवामानवृत्त सांगण्याचा पूर्वीचा व्यवसाय असलेले गृहस्थ, त्या दिवशी स्पर्धक होते. तेही पत्नीसह कित्येक महिने कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून किमती अभ्यासून आले होते. कोळशाच्या एका शेगडीची किंमत त्यांनी ११७५ डॉलर सांगितली, तीच निघाली. अखेरच्या फेरीत त्यांच्यापुढे गाण्याचे कॅराओके यंत्र, बिलियर्ड्सचे टेबल आणि सतरा फुटी फिरते घर आले. निस यांनी आकडा सांगितला: २३,७४३ डॉलर. चित्रीकरण थांबवण्यात आले. काहीतरी कपट झाले आहे, अशी अधिकाऱ्यांची व कॅरी यांची समजूत झाली. डॉबकोविट्झ यांना नुकतेच दूर केले गेले होते, तेव्हा दुखावलेल्या चाहत्यांनी सूड उगवला असावा, असाही संशय कॅरी यांना आला. बऱ्याच वेळाने चित्रीकरण पुन्हा सुरू झाले तेव्हा कॅरी यांनी तो निकाल एखाद्या कारकुनाने टिपण वाचावे तसा जाहीर केला. २३,७४३ डॉलर, फरक शून्य. हा भाग कधी दाखवला जाईल असे आपल्याला वाटलेच नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले. तो १६ डिसेंबर २००८ रोजी दाखवला गेला आणि निस यांना एकूण ५६,४३७ डॉलरांची बक्षिसे मिळाली.

अधिकाऱ्यांच्या घबराटीमागे इतिहास होता. ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत उत्तरे आधीच पुरवली जात होती, ही गोष्ट चार्ल्स व्हॅन डोरन यांनी १९५९ साली अमेरिकी संसदीय समितीपुढे कबूल केली. १९६० साली अशा बनवाबनवीविरुद्ध कायदाही झाला. परंतु निस यांचे प्रकरण त्या जातीचे नव्हते. त्याचे नाते जुळते ते १९८४ सालच्या ‘प्रेस युवर लक’ या खेळातील मायकेल लार्सन यांच्याशी. त्या खेळातील पटावर फिरणारे दिवे केवळ पाच ठरावीक क्रमांनीच फिरतात, हे त्यांनी घरी मुद्रित केलेल्या फिती पाहून हेरले आणि १,१०,२३७ डॉलर जिंकले. वाहिनीने चौकशी केली, नियमभंग आढळला नाही, पैसे दिले. बारकाईने पाहणे हा गुन्हा ठरला नाही, आणि ते योग्यच झाले.

मग ‘परफेक्ट बिड’मधील वाद कशाचा? तो आहे श्रेयाचा. स्लॉसन म्हणतात, निस यांच्या पत्नीशेजारी आपण बसलो होतो आणि तो आकडा आपण पुरवला. निस म्हणतात, अभ्यास आपला. शेवटचे ७४३ हे आपल्या संसारातील तारखांशी निगडित असलेले, मनात घोळणारे अंक. चित्रपट अर्थातच स्लॉसन यांच्या बाजूने उभा राहतो, आणि येथे समीक्षक म्हणून आमचे त्याच्याशी पटत नाही. दिग्दर्शकास आपला नायक इतका आवडला आहे की, उलटतपासणी घेण्याचे त्याने टाळले. वस्तूची किंमत ही उघड गोष्ट आहे. ती दोघांनी स्वतंत्रपणे टिपून ठेवली, तर दोघांच्याही टिपणांत सारखीच निघणार. तिच्यावर मालकी कोणाची, हा प्रश्नच फोल आहे. वादाचा खरा विषय फार तर शेवटचे काही अंक एवढाच उरतो. त्यासाठी अख्खा चित्रपट खर्ची घालताना त्याहून मोठा प्रश्न दिग्दर्शकाच्या हातून निसटला.

तो प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’मध्ये, दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील ७७ व्या प्रश्नात, हाताळला आहे. एक व्यापारी गहू घेऊन अशा ठिकाणी येतो जेथे भाव चढलेला आहे. मागून आणखी व्यापारी गहू आणत आहेत आणि भाव उतरणार आहे, हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. त्याने ते सांगावे काय? सिसेरो यांनीही ऱ्होड्स बेटाच्या उदाहरणाने हाच पेच मांडला होता, आणि त्यांचा कल सांगण्याकडे होता. संत थॉमस सूक्ष्म भेद करतात. चालू भावाने विकणारा न्यायाचा भंग करीत नाही. मात्र त्याने सांगितले किंवा भाव उतरवला, तर ते अधिक सद्गुणाचे ठरेल.

या मापाने मोजले तर लार्सन निर्दोष ठरतात, निसही निर्दोष ठरतात, आणि स्लॉसन त्यांच्याहून एक पायरी वर दिसतात. कारण स्वतःची पाळी संपल्यावरही त्यांनी आपले ज्ञान वाटले, आणि मोबदला मागितला नाही. (दिले त्याची पावती ते आता मागत आहेत, ही गोष्ट वेगळी.) परंतु एक अडचण राहते. संत थॉमस यांच्या बाजारात व्यापारी बोलला तर सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाते. सभागृहात पाठांतर केलेला माणूस ज्याच्या ओळखीत बसला आहे, त्या एकालाच आकडा पोहोचतो. ‘कौन बनेगा करोडपती’ आपल्या घरांत २००० सालापासून पाहिले जाते. तेथे प्रेक्षकांचे मत घ्यायचे असेल, तर ते सर्वांदेखत, टक्केवारीसह पडद्यावर येते. ‘द प्राइस इज राइट’ने प्रेक्षकांची मदत मोकळी ठेवली, वस्तू त्याच त्या आणल्या, किमती बदलल्या नाहीत, आणि कोणी लक्ष देऊन पाहणार नाही असे गृहीत धरले. दोष द्यायचाच तर तो या गृहीतकाला द्यावा लागेल.

कार्यक्रमाचे नाव आम्हांस सेमिनरीतील पाठांची आठवण करून देते. तेथे आम्ही शिकलो ती न्याय्य किंमत, आणि नंतरच्या काळातील लुईस दे मोलिना यांच्यासारखे जेज्वीट पंडित म्हणत की, तिचा आधार लोकांचा सर्वसाधारण अंदाज हाच असतो. या खेळात नेमके उलटे घडते: किंमत उत्पादकाने ठरवलेली, आणि लोकांनी आपला अंदाज तिच्याशी जुळवायचा. येथील ‘बरोबर’ या शब्दात अचूकपणा तेवढा आहे. ती शेगडी ११७५ डॉलरांची असावी काय, असे कोणी विचारीत नाही. चाहत्यांच्या वह्यांतही हे विचारलेले आढळत नाही, आणि त्यासाठी त्यांना बोल लावता येणार नाही. नोंद ठेवणाऱ्याचे ते काम नव्हे.

निस यांचे आणि स्लॉसन यांचे भांडण लोक आजही रंगवून सांगतात. त्या दिवशी मंचावर निस यांच्या शेजारी एक बाईही उभी होती, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तिच्या बाजूने कोणाची यादी नव्हती, संगणकाची आज्ञावली नव्हती. आपल्यापुढील संच पाहून तिने ३०,५२५ डॉलर सांगितले. प्रत्यक्षात किंमत निघाली ३१,०१९. एरव्ही कोणत्याही दिवशी एवढ्या जवळचा अंदाज विजयी ठरण्याची दाट शक्यता असते. नियमाप्रमाणे तिचा संचही निस यांच्याकडे गेला. पुढे कार्यक्रमाने वस्तू बदलत्या ठेवण्याची आणि गाड्यांना कधी ही, कधी ती जोड देऊन किंमत हलती राखण्याची खबरदारी घेतली. चाहते त्याही किमती टिपू लागले. त्या दिवसाच्या नोंदीत निस यांच्या शून्याशेजारी त्या बाईचा आकडाही तितक्याच काळजीने लिहिला गेला आहे: फरक, ४९४ डॉलर.